धोंडुबाईची बेचाळीस पेवं

चिंचकट्टीत धोंडुबाईला न बोलावता पेव उघडणारा माणूस एक तर परगावचा असायचा, नाही तर जिवावर उदार झालेला. गडहिंग्लजच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या अंगाला असलेलं हे गाव. पाऊस बेताचा, पण शाळू असा टपोरा की पाव्हण्यानं ओंजळीत घेऊन बघत बसावं. तो शाळू लोक घरात कणग्या भरून ठेवत नसत. गावाखालच्या पांढऱ्या, कोरड्या मातीत त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी पेवं खणून ठेवली होती. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत रांजणासारखं पोट, दहा-बारा हात खोल. तळाला आणि कडेनं कडबा, भुसा लावायचा, धान्य ओतायचं, तोंडावर फरशी ठेवून शेणामातीनं लिंपून टाकायचं. तीन-तीन वर्षं दाण्याला कीड शिवायची नाही.

पेवं भरायची आणि उघडायची, हा मान धोंडुबाईच्या सासरच्या घराकडं पिढीजात होता. तिचा नवरा केरबा हेच काम करायचा. अठ्ठावन्न सालात तो स्वतःच्याच पेवात उतरला. घाई होती, म्हणून आधी दिवा सोडून बघितला नाही, कमरेला दोर बांधला नाही. पेवात कोंडलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. माणूस खाली वाकतो आणि वाकलेलाच राहतो. केरबाला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या मुठीत दाणे होते.

तेराव्यानंतर गावानं विचारलं, आता हे काम कोण करणार? धोंडुबाई म्हणाली, "मी करतो की. चूक काय झाली ते माज्याइतकं कुणाला ठावं हाय?"

तेव्हापासून सतरा वर्षं तिनं एक माणूस दगावू दिला नव्हता. पहिल्यांदा दोरीला बांधून दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर लिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून वरखाली हलवायचा, हवा घुसळायची, पुन्हा दिवा सोडायचा. तो तेवत राहिला तरच माणूस उतरायचा, तोही कमरेला दोर बांधून. मध्ये कुणी घाई केली की तिचं तोंड सुटायचं. गावातल्या भल्याभल्यांनी पेवाच्या तोंडाशी तिच्या शिव्या खाल्ल्या होत्या आणि गप्प बसले होते, कारण दोराचं दुसरं टोक तिच्या हातात असायचं.

गावात तिचं धरून बेचाळीस पेवं होती. ती कुठंकुठं आहेत हे सगळंच्या सगळं एकट्या धोंडुबाईला माहीत होतं, कारण पेव ही गुपचूप ठेवायची चीज. सहासष्ट सालात लेव्हीवाले आले होते. सरकार त्या वेळी ठरल्या भावानं शेतकऱ्याकडून सक्तीनं धान्य घेई, आणि लपवलेलं सापडलं तर घरादाराची शोभा व्हायची. माणसं लोखंडी सळया घेऊन परड्यातनं टोचत फिरली. धोंडुबाईला दिवसभर चावडीत बसवून ठेवलं. तिनं तोंड उघडलं नाही. कारण आदल्याच दिवशी सरपंच गणपतरावांनी तिच्याकडून गावच्या लक्ष्मीची हळद, म्हणजे भंडारा, उचलून शपथ घेतली होती, की दुसऱ्याच्या पेवाचं तोंड ती जिवात जीव असेपर्यंत परक्याला दाखवणार नाही. त्या दिवशी गाव तरलं. पुढं कित्येक वर्षं लोक तिला हाक मारताना 'बाई' म्हणू लागले ते त्यामुळं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दुष्काळी कामावर गावच्या वरच्या अंगाला ओढ्यात एक छोटा मातीचा बांध घातला गेला. त्यात थोडं पाणी साठलं, गुरं प्यायली, सगळे खूश. पुढच्या वर्षी धोंडुबाईनं आपलं पेव उघडलं तर तळाचा कडबा काळा पडला होता आणि खालचे पायलीभर दाणे एकमेकांना चिकटून ढेप झाली होती. तिचं पेव ओढ्याला सगळ्यांत जवळ. असं तिच्या सासऱ्याच्या काळातही कधी झालं नव्हतं. तिनं तळाची माती मुठीत दाबली. मातीचा गोळा झाला. कोरड्या पांढरीचा कधी गोळा होत नाही. तरी तळाला दुप्पट कडबा घालून तिनं ते पुन्हा भरलं.

पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात बातमी आली, की सगळ्या डोंगरउताराचा मिळून एक पाणलोटाचा आराखडा झाला आहे. उतारावर बांध, गायरानात झाडं, आणि त्या छोट्या बांधाच्या जागी मोठा पाझर तलाव. पाणी अडवायचं, जमिनीत मुरवायचं, खालच्या विहिरी भरायच्या. पण काम मंजूर होण्याआधी एक साहेब येऊन पाहणी करणार होता, की ह्या योजनेनं जमिनीचं, झाडांचं, गुरांचं, माणसांचं भलं किती होईल आणि नुकसान किती.

धोंडुबाई त्याच दिवशी गणपतरावांच्या सोप्यात जाऊन उभी राहिली.

"सरपंच, बारक्या बांधानं माजं पेव वलं झालं. एवढा तलाव झाल्यावर गावाखाली पाणी सुटंल. येक बी पेव ऱ्हायचं न्हाय."

गणपतराव वाईट माणूस नव्हता, पण विहिरीत पाणी बघायला आसुसलेला होता. "तुज्या पेवाला घुशीनं भोक पाडलं असंल, बाई."

"घूस मी वळखतो. पाणी बी वळखतो. सायबाला सांगाय पायजे."

"काय सांगणार? गावात बेचाळीस पेवं हायती म्हणून?" गणपतरावांचा आवाज खाली आला. "परवा शेजारच्या गावात लेव्हीचा ट्रक येऊन गेलाय. सायब कागदावर लिवणार, कागुद तालुक्याला जाणार, आन् दुसऱ्या दिवशी सळया घिऊन माणसं दारात. भंडारा उचललायस तू. ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात होतं. तेच तर दुखणं होतं. बोलावं तर लक्ष्मीची शपथ मोडते आणि गावाचं धान्य लेव्हीत जातं. न बोलावं तर तेच धान्य पाण्यात जातं. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते धोंडुबाईच्या वाट्याला अक्षरशः आलं. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. साहेबांचं नाव त्र्यंबक देशिंगकर. कोल्हापूर शहरातला माणूस, किडकिडीत, चष्म्याला एका बाजूनं दोरा बांधलेला. गावाला वाटलं होतं, चहा पिऊन सही करून जाईल. पण हा बाबा चिवट निघाला. सगळा उतार पायी चढला. तलावात कुठली झाडं बुडतील ती मोजली, गुरांची वाट कुठून जाईल ते विचारलं, विहिरींत दोरी सोडून पाणी मापलं. ओढ्याच्या काठाला खडक उघडा पडला होता तिथं तर तो अर्धा तास उकिडवा बसला. मग चावडीसमोर सगळ्यांना बसवून म्हणाला, "खडकाचा कल सरळ गावाकडं आहे. मुरलेलं पाणी विहिरीत जाईल तसं गावाखालीही येईल. म्हणून खरं सांगा. जमिनीच्या पोटात काय काय आहे तुमच्या? तळघर? पेवं?"

चावडीपुढं शंभरेक माणूस होतं. सगळ्यांचे डोळे गणपतरावांकडं वळले.

"काय बी न्हाय सायब," गणपतराव म्हणाले. "आमी गरीब मानसं. पिकलं की खातो."

देशिंगकरांनी वहीत लिहायला पेन टेकवलं. धोंडुबाई बायकांच्या मागं उभी होती. तिला ते पेन दिसलं. एकदा का त्या कागदावर 'नाही' लिहिलं गेलं की संपलं. तिनं मनाशी भराभर हिशेब केला. भंडारा उचलला तो दुसऱ्याच्या पेवासाठी. स्वतःच्या पेवाची शपथ कुणी घातली नव्हती.

"माजं हाय," ती म्हणाली. "चला दाखवतो."

गाव गारठलं. गणपतरावांनी तिच्याकडं असं बघितलं की दुसरी बाई जागच्या जागी मातीत गेली असती. धोंडुबाई पुढं चालू लागली, मागं साहेब, त्यांच्यामागं सगळं गाव. परड्यात तिनं शेणींचा ढीग बाजूला केला, लिंपण फोडलं, पहारीनं फरशी उचकटली. देशिंगकर उत्सुकतेनं तोंडाशी वाकले, तसा तिनं त्यांचा सदरा मागून धरून खस्सकन ओढला. चष्मा उडाला.

"मरायचं हाय काय? बाजूला व्हा!"

तिनं दिवा सोडला. चार हातांवर तो विझला. जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. धोंडुबाईनं डहाळा घेतला आणि हवा घुसळायला सुरुवात केली. दिवा पुन्हा सोडला, पुन्हा विझला. तिसऱ्या खेपेला तेवला. ती कमरेला दोर बांधून आत उतरली, आणि वर आली तेव्हा तिच्या ओच्यात काळे, आंबूस दाणे होते. तिनं ते साहेबांच्या हातावर ठेवले. वर एक मातीचा गोळा ठेवला.

"बारक्या बांधाचं पाणी हाय हे. थोरल्याचं काय हुईल ते तुमी सांगा."

देशिंगकर बराच वेळ तो गोळा दाबून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "अशी पेवं गावात किती आहेत?"

"गावाला इचारा," धोंडुबाई म्हणाली, आणि वळून सगळ्यांकडं बघितलं. तिनं आपल्याकडून दार उघडून दिलं होतं. आता एकानं, फक्त एकानं पुढं यायचं होतं. शेजारची बयाबाई पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. पलीकडच्या घरचा जोतीराम आभाळाकडं बघत होता.

गणपतराव पुढं आले. "येकच हाय सायब. तिचा नवरा ह्याच पेवात मेला. तवापास्नं डोसकं जरा असंच. आठवण म्हणून राखलंय."

सतरा वर्षांत केरबाचं मरण कुणी असं चव्हाट्यावर आणलं नव्हतं, आणि तेही खोट्याला टेकू म्हणून. देशिंगकरांना मात्र ते सरळ पटलं नसावं. ते तिच्याकडं वळले. "बाई, तुम्ही सांगा. एका पेवासाठी मी तलावाची जागा बदला असं लिहू शकत नाही. दहा असतील, वीस असतील, तर लिहू शकतो. एकच आहे?"

लक्ष्मीच्या देवळाचा कळस परड्यातून दिसत होता. धोंडुबाईचे ओठ हलले. भंडाऱ्याची ती पिवळी चिमूट तिला आत्ता हातावर असल्यासारखी जाणवली. ज्यांचं धान्य, त्यांचीच तोंडं शिवलेली. मग ती कोण त्यांचं झाकलेलं उघडणारी?

"माजं येकच," ती म्हणाली.

साहेबांनी लिहिलं. जीप गेली. त्या दिवशी गावानं सुटकेचा श्वास सोडला आणि धोंडुबाईनं आपलं पेव रिकामं करून धान्य माळ्यावर नेलं.

तलाव पुढच्या उन्हाळ्यात पुरा झाला. खोटं कशाला बोला, पाणी आलं. शहात्तरच्या पावसाळ्यात विहिरी अशा भरल्या की म्हाताऱ्यांनी काठावर बसून पाय बुडवले. ऊस लावायच्या गप्पांचं गावात पेव फुटलं, आणि खरी पेवं लोक विसरले. विसरली नाही ती धोंडुबाई. ती अनवाणी परड्यापरड्यातून हिंडायची, पेवाच्या तोंडावर तळवा टेकवायची. श्रावणात तिला फरशा घामेजलेल्या लागल्या. ती घरोघर गेली. "उपसा. आजच उपसा." पण दारातून पोत्यांची रांग लागली की लेव्हीवाल्यांच्या डोळ्यांवर येणार, ही भीती. लोक म्हणाले, दसरा होऊ दे. बाईचं जरा जास्तच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतरावांची बायको झुंबरबाई ऊर बडवत तिच्या दारात आली. "चल ग बाई! मालक पेवात उतरल्यात. हाक दिऊन वो देईनात!"

धोंडुबाई पळत निघाली. पळता पळता एकच विचारलं, "दोर बांधलाय?"

"बांधलाय."

"दिवा?"

झुंबरबाई रडायला लागली. कोणत्या तोंडानं बाईला बोलवायचं, म्हणून सरपंच एकटेच उतरले होते. निदान दोर तरी बांधला, एवढी बाईची शिकवण पाळली होती.

गोठ्यात गव्हाणीच्या बाजूला पेवाचं तोंड आ वासून होतं. सरपंचांचा मुलगा आत उतरायला निघाला होता. धोंडुबाईनं त्याला थोबाडीत दिली. "बापाच्या मागं तू बी जाणार? वढ दोर! समद्यांनी वढा!"

दोर ताणला, शरीर वर आलं आणि तोंडाशी येऊन अडकलं. खांदे आडवे झाले होते. वरून ओढावं तर आणखी घट्ट. धोंडुबाईनं छातीभर श्वास घेतला, जमिनीवर पालथी पडली, खांद्यापर्यंत हात आत घातला. हाताला केस लागले, मग बंडीची कड, मग खांदा. खांदा वळेना. तिच्या कानात ढोल वाजायला लागले. श्वास सोडला असता तर पुढचा त्या वाफेतलाच घ्यावा लागला असता. तिनं दात खाऊन खांदा खाली रेटला, तिरका केला, आणि सगळा माणूस बाहेर आला. निळापांढरा. तिनं त्याला पालथा-उताणा केला, छाती चोळली, वाऱ्याच्या तोंडाला नेऊन टाकला. सुपारी फुटायला लागते तेवढा वेळ गेला असेल; तिला तो केरबा गेल्यानंतरच्या तेरा दिवसांएवढा वाटला. मग गणपतराव खोकले.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी तिला बघितलं. मूठ उघडली. आत काळे दाणे होते. "समदं गेलं," एवढंच म्हणाले आणि लहान पोरासारखं रडू लागले.

त्या आठवड्यात बेचाळिसातली एक्केचाळीस पेवं उघडली. दिवा सोडला की विझायचा. वरचे हातभर दाणे बरे, त्याखाली ढेप, त्याखाली पाणी. काही घरांच्या मातीच्या भिंती ओल चढून पायाशी फुगल्या. गावभर आंबूस वास सुटला, गुरंसुद्धा त्या ढेपांना तोंड लावीनात. धोंडुबाईनं आपल्या माळ्यावरचा कोरडा शाळू दोन-दोन शेर करून घरोघर पोचवला. बयाबाईच्या दारात तिनं शेर मापले तेव्हा बयाबाई मान वर करीना.

पौषात जीप पुन्हा आली. आता योजनेनं प्रत्यक्षात काय केलं ते बघायची पाहणी होती, आणि आले तेच देशिंगकर. चष्म्याचा दोराही तोच. ते विहिरी बघून खूश झाले. मग गावात शिरले आणि वासानं थबकले. चावडीसमोर वही उघडून त्यांनी जुना कागद वाचला. "माझ्या पाहणीत इथं एकच पेव आहे."

गणपतराव घोंगडं पांघरून कट्ट्यावर बसले होते. दसऱ्यापासून ते हळू बोलत. ते म्हणाले, "सांग बाई. आता राखायचं काय ऱ्हायलंय? भंडारा मी उतरवतो."

धोंडुबाई पुढं आली आणि सांगू लागली. "पयलं माजं, परड्यात शेणीखाली, नऊ हात. दुसरं सरपंचाचं, गोठ्यात गव्हाणीशेजारी, बारा हात. बयाबाईचं चुलीम्होरं, सात हात, तोंड उगवतीला. जोतीरामाचं तुळशीच्या कट्ट्याखाली, अकरा हात, त्यात त्येच्या पोरीच्या लग्नाचा शाळू..." ती थांबली नाही, अडली नाही. ज्या जागा नवऱ्यानं बायकोला सांगितल्या नव्हत्या, त्या ती हातांच्या मापासकट बोलत होती. आपापलं नाव आलं की लोक मान खाली घालत होते, जणू गेलेल्या माणसाचं नाव पुकारलं जात होतं. देशिंगकरांचं पान संपलं, दुसरं लागलं. पुढं त्या कागदामुळं पाणी कमी साठावं म्हणून तलावाचा सांडवा दोन हात खाली घेतला गेला, पण ती पेवं पुन्हा कधी भरली नाहीत.

बेचाळिसावं सांगून झालं. देशिंगकरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज रागानं कापत होता, आणि राग तिच्यावर नव्हता हे तिलाही कळत होतं.

"बाई, तुम्हाला एकूण एक माहीत होतं. मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तवा त्यात दाणं हुतं, सायब," धोंडुबाई म्हणाली.